खरे-खोटे ठरवायचे कुणी?

प्रोग्रामिंग शिकवणारे बहुतेक कुठलेही पुस्तक उघडा, बुलियनला त्यात जेमतेम अर्धे पान मिळालेले दिसेल. या टाइपच्या दोनच व्हॅल्यू असतात, ट्रू आणि फॉल्स, एवढे सांगून लेखक पुढच्या प्रकरणाकडे वळतो आणि त्याच्यामागून विद्यार्थीही. संख्या, स्ट्रिंग, लिस्ट, डिक्शनरी यांच्यापुढे हा दोन व्हॅल्यूंचा टाइप अगदीच किरकोळ वाटतो. पुढे कामाला लागल्यावर कधीतरी असा बग समोर येतो की कोड कितीही वाचला तरी उलगडा होत नाही. एरर येत नाही, प्रोग्राम बंद पडत नाही, उत्तर तेवढे चुकते. शोधत शोधत मुळाशी जावे तर तिथे एक साधा 'इफ' बसलेला असतो. त्याने शून्याला 'नाही' समजलेले असते, नाहीतर 'फॉल्स' असे लिहिलेल्या स्ट्रिंगला 'हो'.

हे पुस्तक त्या 'इफ'बद्दल आहे. एखादी व्हॅल्यू खरी धरायची की खोटी हे तपासायचे कसे, आणि दुसऱ्या कुठल्या रूपात आलेली व्हॅल्यू बुलियनमध्ये आणायची कशी, या दोनच प्रश्नांवर ते उभे आहे. उदाहरणे मुख्यतः पायथनमधली आहेत, कारण नवख्यालाही ती वाचता येते. सी, जावास्क्रिप्ट, पीएचपी, जावा आणि एसक्यूएल यांच्याकडेही जागोजागी वळून पाहिले आहे. आतल्या प्रकरणांत कोड जसाच्या तसा छापला आहे. प्रस्तावनेत मात्र त्यातले शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो, म्हणजे वाचनाची लय मोडणार नाही.

बुलियन हे नाव जॉर्ज बूल यांच्यावरून पडले. १८१५ साली इंग्लंडमधल्या लिंकन गावी, जोडे शिवणाऱ्या एका कारागिराच्या घरी त्यांचा जन्म झाला. विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. गणित बरेचसे स्वतःच शिकून १८४९ मध्ये ते आयर्लंडमधल्या कॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात प्राध्यापक झाले आणि १८५४ मध्ये विचारांच्या नियमांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. या गोष्टीचे एक-दोन धागे हिंदुस्थानापर्यंत येतात. बूल यांच्या पत्नी मेरी या भारताचे सर्व्हेयर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या पुतणी; आणि 'आणि', 'किंवा', 'नाही' यांची उलटापालट करण्याचे नियम ज्यांच्या नावाने शिकवले जातात ते ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ मध्ये मदुराईत जन्मले.

बूल यांच्या बीजगणितातली अक्षरे संख्यांऐवजी निवड दाखवतात. समजा, 'क्ष' म्हणजे समोरच्या ढिगातून पांढऱ्या वस्तू निवडणे. एकदा पांढऱ्या वस्तू काढल्या आणि त्यांतून पुन्हा पांढऱ्याच काढल्या, तर हाती तेच उरते. म्हणून क्ष गुणिले क्ष बरोबर क्ष. नेहमीच्या अंकगणितात हा नियम पाळणाऱ्या संख्या दोनच आहेत, ० आणि १. पुढे १९३७ साली एमआयटीमध्ये क्लॉड शॅनन यांनी आपल्या मास्टर्सच्या प्रबंधात दाखवून दिले की रिले आणि स्विच यांच्या जोडण्यांचा हिशेब याच बीजगणिताने मांडता येतो. प्रवाह वाहतो का, एवढेच विचारले तर एकामागे एक जोडलेले दोन स्विच म्हणजे 'आणि', समांतर जोडलेले म्हणजे 'किंवा'. संगणकाचा सगळा डोलारा या पायावर आहे.

इथवर सगळे स्वच्छ आहे, कारण बूल आणि शॅनन यांच्या हिशेबात शिरणारी प्रत्येक गोष्ट आधीच ० किंवा १ असते. प्रोग्रामरचे नशीब तेवढे चांगले नसते. त्याच्या पुढ्यात येते ती रिकामी लिस्ट, 'हो' असा मजकूर असलेली स्ट्रिंग, डेटाबेसमधला कोरा रकाना, हजार आकड्यांचा अ‍ॅरे. यांतले खरे काय आणि खोटे काय, याचे उत्तर बूल यांच्या ग्रंथात नाही. ते प्रत्येक भाषेच्या कर्त्यांनी आपापल्या सोयीने ठरवले, आणि प्रत्येकाची सोय वेगळी होती.

१९६० च्या अल्गोलमध्ये बुलियन हा स्वतंत्र टाइप होता. त्यानंतर आलेल्या सी भाषेने मात्र तो घेतला नाही. शून्य म्हणजे खोटे, बाकी सगळे खरे, एवढ्यावर तिने भागवले. एखादी संख्या शून्य आहे का, हे पाहणे प्रोसेसरला अगदी स्वस्त पडते, त्यामुळे यंत्राच्या बाजूने हा व्यवहार चोख होता. सीच्या मानकात बुलियन टाइप आला तो १९९९ साली. 'बूल', 'ट्रू' आणि 'फॉल्स' हे शब्द भाषेचे कीवर्ड व्हायला तर सी-२३ उजाडावे लागले. तोवर अनेक प्रकल्पांनी आपापला 'बूल' घरच्या घरी करून घेतला होता. तो एका बाइटचा केला असेल, तर २५६ ही संख्या त्यात टाकताना खालचा बाइट तेवढा उरतो, आणि तो असतो शून्य. खऱ्याचे खोटे झाले. मानकातला बुलियन असे करत नाही. शून्य नसलेली कुठलीही संख्या त्यात गेली की १ होते. व्हॅल्यूचे रूपांतर करणे वेगळे आणि ती नुसती कोंबणे वेगळे, हे इथे पहिल्यांदा लक्षात येते.

सीच्या या मोकळिकीचा फायदा कसा घेता येतो, हे २००३ च्या नोव्हेंबरात दिसले. लिनक्स कर्नेलचा मूळ कोड तेव्हा बिटकीपर या प्रणालीत ठेवला जाई आणि त्याची एक प्रत सीव्हीएसमध्ये असे. त्या प्रतीत कुणीतरी दोन ओळी घुसवल्या. 'वेट-फोर' या सिस्टीम कॉलमध्ये दोन विशिष्ट फ्लॅग एकत्र आले आणि चालू प्रोसेसचा यूजर आयडी शून्य असला, तर एरर द्यायची, असे त्या ओळी वरवर सांगत होत्या. यूजर आयडी शून्य म्हणजे रूट, सर्वाधिकारी. मेख एका चिन्हात होती. तुलनेसाठी सीमध्ये 'बरोबर'चे चिन्ह दोनदा लिहावे लागते, तिथे ते एकदाच होते. त्यामुळे यूजर आयडी शून्य आहे का, हे पाहिले जात नव्हते. तो शून्य केला जात होता. सीमध्ये अशा नेमणुकीची स्वतःची व्हॅल्यू म्हणजे नेमलेली संख्याच. इथे ती शून्य, म्हणून अट खोटी. एरर आलीच नसती आणि ते फ्लॅग ठाऊक असणारा माणूस बिनबोभाट रूट झाला असता. प्रत मूळ कोडशी जुळत नाही हे बिटकीपरवाल्यांच्या लक्षात आले, म्हणून डाव तिथेच फसला. तपासणी वाटावी अशी ती ओळ तपासत काहीच नव्हती, आणि संख्येचे बुलियनमध्ये आपोआप होणारे रूपांतर तिच्यावर पांघरूण घालत होते. पायथनच्या 'इफ'मध्ये एकेरी 'बरोबर' लिहिले तर सिंटॅक्स एरर येते. पुढे ३.८ आवृत्तीत अटीच्या आतच नेमणूक करायची सोय झाली, पण तिच्यासाठी चिन्ह मुद्दाम वेगळे ठेवले.

आता भाषांमधली तफावत पाहा. रिकामी लिस्ट पायथनमध्ये खोटी, पीएचपीत रिकामा अ‍ॅरे खोटा. जावास्क्रिप्टमध्ये आणि रूबीत तो खरा. शून्य ही संख्या पायथन, जावास्क्रिप्ट आणि पीएचपी या तिघांनाही खोटी वाटते, रूबीला मात्र खरी. तिच्या लेखी 'निल' आणि 'फॉल्स' हे दोनच खोटे. अवतरणात लिहिलेले "०", म्हणजे रोमन शून्याची एका अक्षराची स्ट्रिंग, पायथनमध्ये आणि जावास्क्रिप्टमध्ये खरी, पीएचपीत आणि पर्लमध्ये खोटी. तीच स्ट्रिंग "०.०" अशी लिहिली की पीएचपीतही खरी होते. 'नॅन', म्हणजे संख्या नसलेली संख्या, पायथनमध्ये खरी आणि जावास्क्रिप्टमध्ये खोटी. जुन्या व्हिज्युअल बेसिकमध्ये 'ट्रू'ची संख्या करा, १ नाही, उणे १ मिळेल. युनिक्सच्या शेलमध्ये तर सगळेच उलटे: कमांड यशस्वी झाली की ती शून्य परत करते, कारण यश एकाच तऱ्हेचे असते आणि अपयशाला नाना कारणे असतात, त्यांना वेगवेगळे आकडे हवेत.

ही यादी पाठ करण्यासाठी दिलेली नाही. एका भाषेतली सवय दुसऱ्या भाषेत डोळे झाकून नेता येत नाही, एवढेच तिच्यातून घ्यायचे. जावा, गो, रस्ट यांनी हा गुंता मुळातच तोडला. तिथे 'इफ'मध्ये बुलियनच लागतो. संख्या किंवा स्ट्रिंग दिली तर कंपायलर दारातूनच परत पाठवतो. लिहिणाऱ्याला चार अक्षरे जास्त टाइप करावी लागतात, पण शून्याशी तुलना करायची आहे की रिकामेपणाशी, हे त्याला स्वतः लिहावे लागते. पायथनने दुसरी वाट धरली, आणि ती जवळून पाहण्यासारखी आहे.

पायथनमध्ये 'बूल' हा टाइप २००३ मध्ये, २.३ आवृत्तीत आला. त्याआधी लोक १ आणि ० वरच काम चालवत. जुना कोड मोडू नये म्हणून गिडो व्हान रॉसम यांनी 'बूल' हा पूर्णांकाचाच पोट-टाइप केला. म्हणून पायथनमध्ये ट्रू अधिक ट्रू बरोबर दोन. हे विचित्र दिसते, पण उपयोगाचेही आहे. दहावीच्या वर्गाच्या एका विषयातल्या गुणांची लिस्ट असेल, तर प्रत्येक गुण ३५ किंवा अधिक आहे का, हे विचारून आलेल्या ट्रू-फॉल्सची नुसती बेरीज करा. उत्तीर्ण किती हे एका ओळीत मिळते. याच सोयीची दुसरी बाजू अशी की पूर्णांक आला आहे का, हे 'इझ-इन्स्टन्स'ने तपासले तर ट्रूसुद्धा पूर्णांक म्हणून आत शिरतो. डिक्शनरीत १ आणि ट्रू या दोन वेगळ्या की म्हणून ठेवायला जावे, तर दुसरी व्हॅल्यू पहिलीला पुसून टाकते, कारण पायथनच्या लेखी त्या दोन्ही एकच.

बाकी व्हॅल्यूंसाठी पायथनचा नियम थोडक्यात असा: नन, फॉल्स, कुठल्याही तऱ्हेचे शून्य आणि रिकामी स्ट्रिंग, लिस्ट किंवा डिक्शनरी हे खोटे, उरलेले खरे. आपण स्वतः केलेल्या क्लासला खरे-खोटे ठरवायची खास मेथड देता येते. ती नसेल तर पायथन लांबी विचारतो, आणि तीही नसेल तर ऑब्जेक्ट खराच. या शेवटच्या कलमाने अनेकांना गोत्यात आणले आहे. फंक्शन हाही एक ऑब्जेक्ट असतो. 'इफ'मध्ये त्याचे नाव लिहिले आणि पुढचे कंस विसरले, तर फंक्शन चालतच नाही आणि अट कायम खरी ठरते. जँगो या वेब फ्रेमवर्कमध्ये वापरकर्त्याने लॉगिन केले आहे का, हे सांगणारी अशीच एक मेथड होती. कंस विसरला की लॉगिन न केलेला माणूसही आत. म्हणून २०१६ च्या १.१० आवृत्तीत तिचे साध्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये रूपांतर केले, म्हणजे कंस विसरायचा प्रश्नच मिटला.

या नियमातून निघालेली सर्वांत मासलेवाईक गोष्ट वेळेची आहे. पायथनच्या डेटटाइम लायब्ररीत नुसती वेळ साठवणारा 'टाइम' हा क्लास आहे. ३.५ आवृत्ती येईपर्यंत, म्हणजे २०१५ पर्यंत, त्यातली मध्यरात्र खोटी होती. 'वेळ दिली आहे का' असे विचारण्यासाठी कुणी 'इफ वेळ' लिहिले की रात्रीचे बारा सोडून सगळ्या वेळा दिलेल्या ठरत. टाइमझोन जोडला असेल तर मध्यरात्र मोजली जाई ती यूटीसीची. भारतीय प्रमाणवेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे आपल्याकडे खोटी ठरायची ती पहाटे बरोबर साडेपाचची वेळ, आणि रात्रीचे बारा बिनदिक्कत खरे. सकाळी साडेपाचला लावलेले एखादे काम अशा 'इफ'मागे असते, तर ते झालेच नसते, आणि पाच एकतीसला लावले की सुरळीत चालले असते. बरीच चर्चा होऊन शेवटी ही वागणूक काढून टाकली; आता प्रत्येक वेळ खरी आहे. एखादी व्हॅल्यू 'आहे का' आणि ती 'शून्य आहे का' हे दोन निराळे प्रश्न आहेत, आणि नुसत्या 'इफ'ला त्यांतला कुठला विचारला हे कळत नाही. नन आहे का विचारायचे असेल तर 'इझ नन' असेच विचारावे, लिस्ट रिकामी आहे का विचारायचे असेल तर नुसता 'इफ' चालेल, शून्याबद्दल विचारायचे असेल तर शून्याशी तुलना लिहावी. पहिल्या तीन प्रकरणांचा सारा भर यावर आहे.

पुढची प्रकरणे रूपांतराची आहेत. बाहेरून प्रोग्राममध्ये येणारी माहिती बहुधा मजकुराच्या रूपात येते. सीएसव्ही फाइल, वेब फॉर्म, कमांड लाइन, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, सगळीकडे स्ट्रिंगच. आणि पायथनमध्ये 'बूल' या फंक्शनला "फॉल्स" ही स्ट्रिंग दिली तर उत्तर येते ट्रू, कारण ती रिकामी नाही. "०" दिले तरी ट्रू, मराठीत "नाही" असे लिहून दिले तरी ट्रू. 'बूल' हे फंक्शन मजकूर वाचत नाही, तो रिकामा आहे का तेवढे पाहते. कमांड लाइनवरचे पर्याय वाचणाऱ्या 'आर्गपार्स' या लायब्ररीत एखाद्या पर्यायाचा टाइप 'बूल' ठेवला की हाच घोळ होतो. कमांड लाइनवर वापरकर्ता स्पष्ट 'फॉल्स' लिहितो आणि पर्याय चालू होतो.

मजकूर वाचून ठरवणारी फंक्शने वेगळी असतात आणि त्यांच्यातही एकवाक्यता नाही. पायथनच्या 'डिस्टयूटिल्स'मध्ये 'स्ट्रटूबूल' नावाचे एक होते. 'वाय', 'येस', 'टी', 'ट्रू', 'ऑन' आणि '१' यांना ते खरे म्हणे, त्यांच्या उलट शब्दांना खोटे, आणि तिसरेच काही आले तर एरर देई. ३.१२ आवृत्तीत 'डिस्टयूटिल्स'च गेले, त्याबरोबर तेही गेले. जावातले 'पार्स-बुलियन' फक्त 'ट्रू' हा शब्द ओळखते. लहान-मोठी अक्षरे कशीही असोत. बाकी काहीही दिले, अगदी 'येस' दिले, तरी ते एरर न देता फॉल्स परत करते. म्हणजे 'ट्रू' लिहिताना एक अक्षर चुकले तर चूक कळत नाही, 'नाही' असे उत्तर मिळते. याच्या उलट टोकाला यामल हा सेटिंग्ज लिहून ठेवण्याचा फॉरमॅट. त्याच्या १.१ आवृत्तीत अवतरणचिन्हांविना लिहिलेले 'येस', 'नो', 'ऑन', 'ऑफ' हे सगळे बुलियन. देशांच्या दोन अक्षरी संकेतांची यादी यामलमध्ये लिहिली की नॉर्वेचा संकेत 'एनओ' वाचताना फॉल्स होतो. २००९ च्या १.२ आवृत्तीने ही मोकळीक आवरली, पण १.१ च्या नियमांनी चालणारी साधने अजून वापरात आहेत.

मराठीत माहिती भरून घेणाऱ्यांसाठी इथे आणखी एक वळण आहे. फॉर्ममध्ये कुणी देवनागरी '१' किंवा '०' टाइप केले तर काय होईल? पायथनचे 'इंट' देवनागरी आकडे ओळखते. '१' चा १ होतो, '०' चा ०. जावाचे 'पार्स-इंट'ही ओळखते. जावास्क्रिप्टचे 'नंबर' मात्र ओळखत नाही. ते दोन्हींसाठी 'नॅन' देते, आणि तिथे 'नॅन' खोटे. म्हणजे ब्राउझरमध्ये '१' लिहिणाराही 'नाही' म्हणणारा ठरतो आणि तोच मजकूर सर्व्हरवर 'हो' ठरतो. त्यातच 'हो', 'होय', 'आहे', 'नाही', 'नको' असे शब्द येणार असतील, तर कुठलेही आयते फंक्शन कामाला येणार नाही. कुठले शब्द होकाराचे, कुठले नकाराचे, आणि यादीत नसलेला शब्द आला तर काय करायचे, हे आपल्यालाच लिहून ठेवावे लागते. चौथ्या प्रकरणात असे फंक्शन टप्प्याटप्प्याने उभे केले आहे. आधी मागची-पुढची मोकळी जागा काढणे, मग यादीत शोधणे, आणि सापडले नाही तर अंदाज न बांधता एरर देणे.

हे रूपांतर कुठे करायचे, याबद्दल या पुस्तकाचा आग्रह ठाम आहे. पूर्वी शहराच्या वेशीवर जकात नाका असे. माल तिथे एकदा तपासला की आत गल्लोगल्ली पुन्हा कुणी पोते उघडत नसे. प्रोग्राममध्येही माहिती आत शिरते त्या जागी तिचा बुलियन एकदाच करावा, आणि आतल्या कोडने ट्रू-फॉल्सशिवाय काही पाहू नये. असे केले नाही तर एका फंक्शनमध्ये "येस"शी तुलना, दुसऱ्यात "१"शी, तिसऱ्यात नुसता 'इफ', असा कारभार सुरू होतो आणि एकाच अर्जाला तीन ठिकाणी तीन उत्तरे मिळतात.

वेब फॉर्मचा चेकबॉक्स हे याचे रोजचे उदाहरण. टिक केलेल्या चेकबॉक्सला वेगळी व्हॅल्यू दिली नसेल तर 'ऑन' हा शब्द सर्व्हरकडे जातो. टिक केली नसेल तर काहीच जात नाही. 'ऑफ' नाही, रिकामी स्ट्रिंग नाही, त्या नावाचा रकानाच गायब असतो. म्हणजे वापरकर्त्याने 'नाही' म्हटले आणि त्याला हा प्रश्न दाखवलाच नव्हता, या दोन गोष्टी सर्व्हरला सारख्याच दिसतात. एचटीएमएलची अ‍ॅट्रिब्यूट्सही याच चालीची. 'डिसेबल्ड' या अ‍ॅट्रिब्यूटला "फॉल्स" अशी व्हॅल्यू दिली तरी बटण बंदच राहते, कारण तिथे अ‍ॅट्रिब्यूट आहे की नाही एवढेच पाहिले जाते, त्यात काय लिहिले आहे ते नाही.

इथून आपण या विषयाच्या सर्वांत अवघड भागाकडे येतो. व्यवहारात उत्तरे दोन नसतात, तीन असतात: हो, नाही आणि अजून माहीत नाही. एसक्यूएलने ही तिसरी जागा 'नल'च्या रूपाने उघडपणे मान्य केली. तिथे कुठल्याही व्हॅल्यूची नलशी तुलना केली की उत्तर खरेही येत नाही, खोटेही येत नाही. ते अज्ञात असते. गंमत अशी की एसक्यूएलही या अज्ञाताला सगळीकडे सारखे वागवत नाही. 'व्हेअर'ला फक्त खरे चालते, म्हणून अज्ञात ओळी तो गाळतो. 'चेक' हे बंधन मात्र फक्त खोट्याला अडवते, म्हणून अज्ञात त्यातून सुटते. वय १८ किंवा अधिक असले पाहिजे असे 'चेक' टेबलवर लावले आणि वयाचा रकाना कोरा सोडता येत असेल, तर कोऱ्या वयाची ओळ बिनतक्रार आत येते. पण '१८ किंवा अधिक वयाचे दाखवा' म्हटले की तीच ओळ दिसत नाही. वयाच्या अटीपुढे 'नॉट' लावून १८ च्या खालचे मागितले, तर तिथेही ती सापडत नाही.

डेटाबेसमधून ही नल पायथनमध्ये आली की तिचा 'नन' होतो, आणि नुसत्या 'इफ'समोर 'नन' आणि 'फॉल्स' यांत फरक उरत नाही. एरवी हे चालून जाईल. पण संमतीसारख्या रकान्यात नाही चालत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती ही माणसाच्या स्पष्ट होकारार्थी कृतीतून यावी असे म्हटले आहे. ज्याला विचारलेच नाही त्याला पुन्हा विचारता येते, ज्याने नकार दिला त्याला पुन्हा पुन्हा विचारणे म्हणजे छळ. दोघांना एका 'फॉल्स'मध्ये ढकलले की हा भेद कायमचा जातो. नंतर कितीही हुशार कोड लिहिला तरी तो परत आणता येत नाही. तिसरे उत्तर शक्य असेल तिथे ते शेवटपर्यंत जपावे, नाहीतर तिथे बुलियन वापरूच नये. 'विचारले नाही', 'होकार', 'नकार' अशा तीन नावांचा एनम त्यापेक्षा बरा.

या तिसऱ्या उत्तराला गिळणारी एक सवय सगळ्यांच्या हाताला असते. पायथनमधला 'ऑर' बुलियन देत नाही, दोहोंपैकी एक व्हॅल्यू देतो, म्हणून 'सवलत ऑर १०' असे लिहायची पद्धत पडली आहे: सवलत दिली नसेल तर दहा टक्के धरा. दुकानदाराने मुद्दाम शून्य टक्के लिहिले तरी त्यालाही दहाच लागू होतात. जावास्क्रिप्टमध्येही हेच व्हायचे. २०२० च्या मानकात तिथे दोन प्रश्नचिन्हांचा वेगळा ऑपरेटर आला, जो फक्त 'नल' आणि 'अनडिफाइन्ड' असतानाच पर्यायी व्हॅल्यू घेतो आणि शून्याला शून्यच राहू देतो.

शेवटच्या प्रकरणात अनेक व्हॅल्यूंचे मिळून एक उत्तर करण्याचा विचार आहे. पायथनचे 'ऑल' रिकाम्या लिस्टला ट्रू म्हणते आणि 'एनी' फॉल्स. तर्काच्या दृष्टीने हे बिनचूक आहे. पण 'सगळे हप्ते भरले का' असे 'ऑल'ने विचारले आणि एखाद्या कर्जदाराच्या हप्त्यांची लिस्ट काही कारणाने लोडच झाली नसेल, तर तो कर्जमुक्त दिसेल. आकड्यांचे अ‍ॅरे हाताळणाऱ्या नमपाय या पायथन लायब्ररीने या बाबतीत घेतलेली भूमिका मला फार पटते. एकाहून अधिक आकड्यांचा अ‍ॅरे 'इफ'मध्ये टाकला तर तो खरे-खोटे सांगतच नाही. प्रश्न संदिग्ध आहे, 'एनी' हवे की 'ऑल' ते सांगा, अशी एरर देतो. नवशिक्याला तिचा राग येतो. वास्तविक या पुस्तकात जे पानोपानी सांगायचे आहे तेच ती एरर एका ओळीत सांगते: भाषेने तुमच्या वतीने खरे-खोटे ठरवावे अशी अपेक्षा करू नका, प्रश्न नीट विचारा.

पुस्तक कुणासाठी, हेही सांगून टाकतो. पायथनमध्ये फंक्शन आणि लिस्ट इतपत येत असेल तर कुठलेच प्रकरण जड जाऊ नये. अनुभवी वाचकांनी पहिली दोन प्रकरणे चाळली तरी चालतील, पण रूपांतराचे आणि तिसऱ्या उत्तराचे प्रकरण सोडू नये. बग तिथेच राहतात. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी व्हॅल्यूंची एक छोटी यादी आहे. तिच्यातली प्रत्येक व्हॅल्यू खरी निघेल की खोटी, हे आधी कागदावर लिहा आणि मगच इंटरप्रिटरला विचारा. जिथे तुमचे आणि त्याचे उत्तर जुळणार नाही तिथे खूण करा. मग आपल्या चालू प्रकल्पातले 'इफ' काढून बसा, आणि ज्याच्यात नुसते एका व्हेरिएबलचे नाव आहे अशा प्रत्येकासमोर विचारा, की इथे शून्य आले तर, रिकामे आले तर आणि काहीच आले नाही तर काय व्हायला हवे. या तिन्ही उत्तरांवर टीममधल्या दोघांचे एकमत होत नसेल, तर तो 'इफ' तिथल्या तिथे पुन्हा लिहा.